दिग्दर्शक गेला, वही कुणाकडे आहे?

मोठ्या गेम स्टुडिओतून मुख्य दिग्दर्शक बाहेर पडला की दोन दिवसांत दोन तट पडतात आणि तिसऱ्या दिवसापासून कुणी कुणाचं ऐकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड' मालिकेचा प्रमुख मार्क-अलेक्सी कोते कंपनीबाहेर गेला तेव्हा हेच झालं. कंपनी म्हणाली, त्याने वेगळी वाट धरली. तो म्हणाला, मी आपणहून निघालो नाही, मला बाजूला व्हायला सांगितलं. एवढ्यावर बडोद्यातसुद्धा, फाइन आर्ट्सच्या आवारापासून दांडिया बाजारातल्या घरांपर्यंत, गेम खेळणाऱ्या मराठी पोरांत जुंपली. एका तटाचं म्हणणं, 'आता मालिका संपली, पुढचा भाग घेऊच नका.' दुसऱ्याचं म्हणणं, 'कंपनी कुणावाचून अडत नाही, शंभर येतात शंभर जातात.' घरातली वडीलधारी मंडळी या दुसऱ्या तटात आपसूक जाऊन बसतात, कारण नोकरीबद्दल त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान तेच आहे.

दोन्ही तट भलत्याच गोष्टीवर भांडताहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस मोठा की कंपनी मोठी ही कुस्ती झाली. तिच्यातून गेमबद्दल काहीच कळत नाही. कळून घ्यायचं असेल तर विचारायला हवं की माणूस गेला तेव्हा गेम कुठल्या टप्प्यावर होता, तोवरचे निर्णय कुठे नोंदलेले होते आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याच्या पाठोपाठ आणखी कोण उठलं. ही उत्तरं हाती असतील तर गेलेल्याचं नाव माहीत नसतानाही नुकसानीचा अंदाज बांधता येतो. नसतील तर नाव कितीही मोठं असो, आपण नुसतं भविष्य सांगत बसतो.

मुळात या मालिकेचा जनक केव्हाच निघून गेला आहे, हे दोन्ही तटांच्या लक्षात नाही. पात्रीस देझिले हा पहिल्या दोन भागांचा क्रिएटिव्ह डायरेक्टर. २०१० मध्ये, 'ब्रदरहुड' बाजारात येण्याआधीच, त्याने युबिसॉफ्ट सोडलं. मालिका थांबली का? २०१३ मध्ये समुद्री चाच्यांचा 'ब्लॅक फ्लॅग' आला, २०१८ मध्ये ग्रीसमधला 'ओडिसी', मार्च २०२५ मध्ये जपानमधला 'शॅडोज'. मग 'कुणावाचून अडत नाही' म्हणणारे जिंकले का? तेही नाही. या मालिकेत इतिहासाला जोडून एक आजच्या काळातली कथा होती, डेस्मंड माइल्स नावाच्या तरुणाची. ती २०१२ च्या तिसऱ्या भागात उरकण्यात आली आणि त्यानंतर आजच्या काळाचं काय करायचं हे मालिकेला कधी धड उमगलं नाही. बुरुजावर चढणं, गर्दीत मिसळणं, मनगटातलं पातं, हे सगळं खेळून, मोजून, तक्त्यांत बसवलेलं होतं; ते टिकलं. कथेचा लांबचा पल्ला थोड्या डोक्यांत होता, तो विस्कटला. एकाच माणसाच्या जाण्याने एक गोष्ट शाबूत राहिली आणि दुसरी मोडली. ती का मोडली, हे दोन्ही तटांच्या घोषणांतून सांगता येत नाही.

दिग्दर्शक म्हणजे ज्याला कल्पना सुचतात तो, असा बाहेर समज आहे. स्टुडिओत कल्पनांना तोटा नसतो. चहाच्या सुट्टीत वीस निघतात. त्याचं खरं काम नाही म्हणण्याचं असतं. रोजचा बिल्ड, म्हणजे त्या दिवसापर्यंत जेवढा तयार झाला तेवढा गेम, खेळून बघायचा, कथा, लढाई, संगीत, मेन्यूतली अक्षरं हे सगळं एकाच गेममधलं वाटतंय का ते तपासायचं, आणि चांगली असूनही न बसणारी गोष्ट कापायची. हे कापण्याचं काम बहुतेकदा बोलून होतं, लिहून होत नाही. इथेच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे.

एक अगदी बारीक गोष्ट घ्या. पात्र धावत कड्याच्या टोकाला येतं, कडा संपतो, आणि खेळणारा उडीचं बटण क्षणभर उशिरा दाबतो. नियमाने पात्र पडायला हवं. पण नीट बांधलेल्या गेममध्ये कडा संपल्यावरही काही फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकामागून एक येणारी काही चित्रं, उडी मान्य करतात. डेव्हलपर त्याला 'कायोटी टाइम' म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ६ फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तक्त्यात ही संख्या लिहिलेली असते: ६. पण ६ च का, हे तक्त्यात नसतं. समजा, ८ करून पाहिलं तेव्हा पात्र हवेत पाय मारतंय असं दिसलं, आणि ४ ठेवलं तेव्हा घरच्या टीव्हीच्या विलंबामुळे लोकांच्या उड्या हुकायला लागल्या, म्हणून ६. हे जाणणारा माणूस गेला. नवा आला, चाचणीत दोघांनी 'कडा निसरडा वाटतो' म्हटलं, त्याने ८ केलं. धावण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर असेल तर या दोन फ्रेमांनी पात्र २० सेंटिमीटर जास्त लांब जातं. लेव्हल बांधणाऱ्याने जी दरी मुद्दाम पार न होण्याएवढी ठेवली होती ती आता जेमतेम पार होते, खेळणारा किल्ली न घेताच दारापलीकडे पोचतो, आणि तीन आठवड्यांनी ही तक्रार 'लेव्हलमधली चूक' म्हणून नोंदवली जाते. लेव्हल डिझायनर दरी रुंद करतो. मग दुसरीकडची वैध उडी हुकते. कुणीही आळस केलेला नाही, कुणी मूर्ख नाही, तरी दीड महिना गेला. एका मोठ्या गेममध्ये अशा किती संख्या असतात? हजारोंनी.

म्हणून टप्पा महत्त्वाचा. गेम अजून कल्पना आणि प्रोटोटाइपच्या पातळीवर असताना दिग्दर्शक गेला तर नुकसान सर्वांत कमी. दहा-पंधरा माणसांचं काम असतं, नव्याने मांडता येतं. 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणजे शेवटी गेम कसा दिसेल याचा दहा-वीस मिनिटांचा पूर्ण तयार तुकडा. तो संमत होऊन दोनशे-तीनशे माणसं कामाला लागली की धोका एकदम वाढतो, कारण आता मोठी फौज रोज उत्तरं मागते आणि उत्तर देणारी खुर्ची रिकामी असते. अल्फा, म्हणजे सगळ्या यंत्रणा आत आल्या. बीटा, म्हणजे सगळा मजकूरही आला आणि आता फक्त चुका काढायच्या. इथपर्यंत पोचल्यावर दिग्दर्शक गेला तर गेम बहुतेक तसाच निघतो. कन्सोल कंपनीच्या सर्टिफिकेशनला, म्हणजे शेवटच्या तपासणीला, पाठवायची कामं निर्मात्यांची असतात. पण बीटाच्या तोंडावर नव्या माणसाने कथेला हात घातला तर मात्र बघायला नको. एक संवाद बदलला की नटाला पुन्हा स्टुडिओत बोलवा, ओठांची हालचाल पुन्हा जुळवा, उपशीर्षकं बदला, आणि दहा भाषांत भाषांतर झालं असेल तर दहाही भाषांत तेच परत करा.

पैशाच्या भाषेत बोलायचं तर उत्तर अमेरिकेतल्या स्टुडिओंत माणसामागे महिना दहा हजार डॉलर धरायची जुनी ढोबळ पद्धत आहे. हल्ली खर्च त्याहून वर गेला आहे. त्या जुन्याच हिशेबाने दोनशे माणसांचे महिन्याला वीस लाख डॉलर झाले. नव्या दिग्दर्शकाने 'मला आधी सगळं समजून घेऊ द्या' म्हणून सहा महिने घेतले की एक कोटी वीस लाख गेले, आणि पडद्यावर त्यातलं काहीही दिसत नाही. 'कंपनी कुणावाचून अडत नाही' हे वाक्य कंपनीचा हिशेबनीससुद्धा म्हणणार नाही.

आता 'माणूस गेला, गेम मेला' म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा. काही गेम खरोखरच एका डोक्यातून निघतात, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. हिदेओ कोजिमाने १९८७ मध्ये 'मेटल गिअर' सुरू केला. २०१५ मध्ये त्याच्या कंपनीशी, कोनामीशी, त्याचं फाटलं; पाचव्या भागाच्या वेष्टनावरून त्याचं नाव काढलं, आणि त्या सप्टेंबरात गेम बाजारात आला तो अपुरा. शेवटाकडचा एक भाग अर्धवट राहिला होता. तो विशेष आवृत्तीच्या जोड-डिस्कवर कच्च्या चित्रफितीच्या रूपात लोकांना पाहायला मिळाला, खेळायला नाही. पुढे २०१८ मध्ये कोनामीने त्याच्याशिवाय 'मेटल गिअर सर्व्हाइव्ह' काढला आणि तो लोकांनी झिडकारला. 'डिस्को एलिझियम'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१९ चा हा गेम, दहा लाखांच्या आसपास शब्द, सगळा डोलारा लेखनावर. त्याचा मुख्य रचनाकार रॉबर्ट कुर्विट्झ, कलादिग्दर्शक अलेक्सांडर रोस्तोव आणि लेखिका हेलेन हिंदपेरे २०२१ अखेरपर्यंत झा-उम या स्टुडिओतून बाहेर पडले होते. जगाला ते कळलं ऑक्टोबर २०२२ मध्ये. गेमचं जग, त्यातली गावं, देश, इतिहास, सगळं कंपनीकडे राहिलं. त्या जगाचा पुढचा भाग मात्र आजवर आलेला नाही.

हे सगळं मान्य. पण यावरून 'माणूस गेला की संपलं' असा नियम निघतो का? आपल्याकडचाच एक दाखला बघा. नोव्हेंबर १८८५ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर वारले तेव्हा ते नाटककारही होते, दिग्दर्शकही आणि मालकही. तिसरं संगीत नाटक, 'रामराज्यवियोग', तीन अंकांवर थांबलं. कोजिमाच्या अर्धवट भागासारखंच. ज्या कंपनीत सगळं एकाच्या हातात, ती बुडायला हवी होती. पण १८८२ मध्ये अण्णासाहेबांनी बडोद्याहून नेलेले आपले भाऊराव कोल्हटकर तिथे होते, 'शाकुंतल' आणि 'सौभद्र'च्या वह्या होत्या, पदांच्या चाली अनेकांच्या गळ्यात बसलेल्या होत्या, आणि तालीम घ्यायला अण्णासाहेबांच्याच हाताखाली तयार झालेले गोविंद बल्लाळ देवल होते. याच देवलांचं 'शारदा' १८९९ मध्ये त्याच कंपनीने रंगभूमीवर आणलं. अण्णासाहेबांनंतर चौदा वर्षांनी! अपुरं नाटक अपुरंच राहिलं, कारण ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं. जे वहीत आणि तालमीत उतरलं होतं ते चाललं. कोनामीचं आणि झा-उमचं दुखणं माणूस गेल्याचं आहेच, पण त्याहून मोठं दुखणं असं की हाताखालचे देवलही गेले किंवा कधी तयारच केले नव्हते.

तिकडे निन्टेन्डोने हेच काम थंडपणे, वर्षानुवर्षं केलं. 'झेल्डा'चा जनक शिगेरु मियामोतो. १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'पासून त्याच्यासोबत एजी आओनुमा, मग मालिकेची सूत्रं आओनुमाकडे, आणि २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चं दिग्दर्शन हिदेमारो फुजिबायाशीकडे. तीन पिढ्या झाल्या, बोंबाबोंब कुठेच नाही. मियामोतो जिवंत, त्याच इमारतीत, हवा तेव्हा येऊन उलटतपासणी घेणारा. हे साधायला वीस वर्षं आणि न विकलेली कंपनी लागते, हेही खरं. तिमाही नफ्याच्या मागे धावणाऱ्या स्टुडिओला असा दाखला देणं थोडं अन्यायाचं आहे.

दुसऱ्या तटाचाही एक मुद्दा असाच बळकट आहे, आणि चाहते तो ऐकून घेत नाहीत. बाहेर पडलेले बहुतेक दिग्गज स्वतःच्या बळावर आपटतात. 'डूम'चा जॉन रोमेरो १९९६ मध्ये आयडी सॉफ्टवेअरमधून निघाला, आणि २००० मध्ये त्याचा 'डायकाताना' हसं होऊन आला. कॅपकॉममधून २०१० मध्ये निघालेल्या केइजी इनाफुनेने चाहत्यांकडून किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर ३८ लाख डॉलरहून जास्त गोळा केले. २०१६ मध्ये 'माइटी नंबर ९' आला तेव्हा त्याच चाहत्यांनी कपाळाला हात लावला. 'गिअर्स ऑफ वॉर'च्या क्लिफ ब्लेझिन्स्कीचा नवा स्टुडिओ २०१७ चा 'लॉब्रेकर्स' चालला नाही म्हणून २०१८ मध्ये बंद पडला. मग खरी किमया कंपनीचीच होती ना?

अर्धी. दिग्दर्शकाला नाही म्हणणारा निर्माता, वेळापत्रक राखणारी बाई, इंजिन सांभाळणारे चार-दोन अबोल प्रोग्रामर, हे सगळं कंपनीत फुकट मिळाल्यासारखं वाटतं. बाहेर पडल्यावर त्याचं बिल येतं. देझिलेला ते फार महागात पडलं. युबिसॉफ्ट सोडून तो टीएचक्यूच्या मॉन्ट्रियल स्टुडिओत गेला, डिसेंबर २०१२ मध्ये टीएचक्यू दिवाळखोरीत निघाली, २०१३ च्या सुरुवातीला तो स्टुडिओ विकत घेतला युबिसॉफ्टनेच, आणि मे महिन्यात त्याला कामावरून काढलं. त्याचा अर्धवट गेम '१६६६ अ‍ॅमस्टरडॅम' कंपनीच्या कपाटात राहिला. हक्क परत मिळायला २०१६ उजाडलं. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांचंही असंच. १९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली, थोड्याच काळात बिनसलं, दादासाहेब सगळं सोडून काशीला जाऊन नाटक लिहीत बसले आणि १९२२ मध्ये त्याच कंपनीत परतले. भारतीय चित्रपटाचा जनक आणि त्याचा स्टुडिओ, दोघांनाही एकमेकांवाचून करमलं नाही. पण म्हणून निघणारा प्रत्येक जण आपटतोच असं नाही: 'कॅसलव्हेनिया'चा कोजी इगाराशी २०१४ मध्ये कोनामीतून निघाला आणि २०१९ मध्ये त्याने 'ब्लडस्टेन्ड' असा काढला की जुन्या चाहत्यांनी डोक्यावर घेतला. त्याने नवं जग जिंकायचा हट्ट धरला नव्हता. जे वीस वर्षं करत होता तेच, नाव बदलून, नेमकेपणाने केलं.

मला सर्वांत जास्त राग येतो तो बातमीत एकच नाव छापण्याच्या सवयीचा. मार्च २०१० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने आपल्या इन्फिनिटी वॉर्ड या स्टुडिओच्या प्रमुखांना, जेसन वेस्ट आणि विन्स झॅम्पेला यांना, काढलं. बातमी दोघांची झाली. खरी घटना त्यानंतरच्या काही महिन्यांत घडली: तीसहून जास्त माणसं, डिझायनर, अ‍ॅनिमेटर, प्रोग्रामर, एकेक करून त्यांच्या नव्या स्टुडिओत, रिस्पॉनमध्ये, जाऊन बसली. पुढच्या वर्षीचा 'मॉडर्न वॉरफेअर ३' पुरा करायला इन्फिनिटी वॉर्डला दुसऱ्या स्टुडिओची मदत घ्यावी लागली. तो खपला प्रचंड, हे कबूल केलंच पाहिजे. पण पुढे 'टायटनफॉल' आणि २०१९ चा 'एपेक्स लेजंड्स' कुठे झाला? जिथे ती माणसं गेली तिथे. बडोदेकरांना हे नवं वाटू नये. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व निघाले असं आपण म्हणतो, निघाले तिघे. 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडसांसारखा कसलेला नट त्यांच्यासोबत होता. गळा, चाल आणि अभिनय एकाच दाराने बाहेर पडल्यावर मागे काय राहतं? तरीही किर्लोस्कर मंडळी लगेच मिटली नाही. दीनानाथ मंगेशकर आले, आणि १९१८ मध्ये तेही स्वतःची मंडळी काढायला गेले. १८८५ चा घाव सोसणारी कंपनी १९१३ नंतर पूर्वीसारखी उभी राहिली नाही, यातला फरक गेलेल्या माणसांच्या उंचीचा नाही, संख्येचा आणि खात्यांचा आहे. म्हणून दिग्दर्शक गेल्याच्या दिवशी मत बनवू नये. सहा महिने थांबावं आणि लीड डिझायनर, कलादिग्दर्शक, टेक्निकल डायरेक्टर, कथालेखक यांच्यातलं कोण हललं ते बघावं. दोन हलले तर चिंता, चारही हलले तर तो स्टुडिओ फक्त पाटीपुरता उरला.

मग शहाणा स्टुडिओ काय करतो? उत्तर कंटाळवाणं आहे: लिहून ठेवतो. जाडजूड डिझाइन डॉक्युमेंट उपयोगाचं नाही. ते तिसऱ्या महिन्यात शिळं होतं आणि कुणी उघडत नाही. उपयोगाची असते निर्णयांची वही. तारीख, काय ठरलं, कोणते पर्याय नाकारले, का नाकारले, कुणी खेळून पाहिलं. नोंद चार-पाच ओळींची, पण त्याच दिवशी. संख्या कोडमध्ये पुरलेल्या नकोत, तक्त्यात हव्यात आणि प्रत्येक संवेदनशील संख्येशेजारी कारण हवं. गेमचे तीन-चार मूळ आधार एका पानावर, आणि त्याच्याखाली, जास्त महत्त्वाचं म्हणजे, 'हे आपण करणार नाही' अशी यादी. रोजच्या परीक्षण बैठकांचं ध्वनिमुद्रण. आणि जाणारा व येणारा यांना निदान आठ-बारा आठवडे एका खोलीत बसवणं, ज्यात पहिला महिना जुना बोलतो नवा ऐकतो आणि नंतर उलट.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळी बैठक, दुपारी खातं बंद, संध्याकाळी वकिलाचं पत्र. भांडून निघालेल्या माणसाकडून बारा आठवडे कोण मागणार आणि तो का देणार, असा व्यवहारी प्रश्न कंपन्या विचारतात, आणि तो रास्त आहे. म्हणूनच वही भांडणाच्या आधी लिहिलेली असावी लागते. आपल्या शहरात याचं उदाहरण आहे. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. त्या काळातले गवई चीज गळ्यातून गळ्यात देत, कित्येकदा मुद्दाम अर्धी देत. मौलाबक्षांनी स्वरलिपी बनवली आणि पुस्तकं छापली. १८९६ मध्ये ते गेले. शाळा राहिली आणि आज ती विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विभागात चालू आहे. स्वरलिपीत सगळं गाणं येत नाही, मींड कागदावर मरते, असा आक्षेप तेव्हाही होता आणि त्यात तथ्यही आहे. पण कागदावर अर्धं उतरलेलं आणि काहीच न उतरलेलं, यांत नव्या माणसाने कुठून सुरुवात करायची? फाइन आर्ट्समध्येही हेच दिसतं. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे १९५० पासून चित्रकला विभागात, १९५९ पासून अधिष्ठाता, १९६६ मध्ये राजीनामा. तोवर ज्योती भट्ट आणि गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी तिथेच शिकवायला लागले होते. संस्थेला धक्का बसला, पण दिशा शोधत बसावं लागलं नाही. कॉलेजला दर वर्षी बॅच बाहेर काढायची असते, पाच वर्षांनी एक वस्तू विकायची नसते, त्यामुळे तुलना ताणू नये; पण हाताखालचा माणूस गुरू असतानाच शिकवू लागला की सोय होते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.

उलट बाजूही दाखवायला हवी: कधीकधी दिग्दर्शक बदलणं गेमच्या हिताचं असतं. 'अनचार्टेड'ची लेखिका-दिग्दर्शिका एमी हेनिग २०१४ मध्ये नॉटी डॉग या स्टुडिओतून गेली. चौथ्या भागाचं बरंचसं चित्रीकरण फेकून देऊन ब्रूस स्ट्रेली आणि नील ड्रकमन यांनी कथा नव्याने बांधली, आणि २०१६ मध्ये गेम उत्तम निघाला. पण त्या दोघांनी एकत्र 'द लास्ट ऑफ अस' केला होता आणि ते त्याच घरात वाढलेले होते. बाहेरून आणलेला, नाव कमावलेला आणि स्वतःचा ठसा उमटवायला आलेला माणूस हे करू शकला असता का, मला शंका आहे. नव्याने आलेल्याची पहिली चूक हीच असते: आधीच्याच्या चांगल्या निर्णयांना हात लावून आपण आल्याचं सिद्ध करणं.

या सगळ्यात आपल्याकडच्या स्टुडिओंची गोष्ट वेगळी आहे, आणि बडोद्यातून पुण्या-मुंबईला गेम आर्टच्या नोकरीला जाणाऱ्या मुलांनी तीच जास्त समजून घ्यायला हवी. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, झलक पाहून लोकांनी चित्रणाला नावं ठेवली, २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये ते रद्दच झालं. इथे दिग्दर्शक स्टुडिओ सोडून गेला नाही. गेमच स्टुडिओ सोडून गेला. अशा सहाय्यक कामात अंतिम शब्द बहुधा दुसऱ्या खंडातल्या माणसाचा असतो. मॉन्ट्रियल आणि पुणे यांत साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर; सकाळी पाठवलेल्या प्रश्नाला उत्तर रात्री. तिथला माणूस बदलला की इथे कळतं ते असं की कालपर्यंत मान्य होणारी कामं आज परत येऊ लागतात. त्यामुळे वहीची गरज त्या टोकाला आहे त्याहून दुपटीने या टोकाला आहे, आणि ती इथल्या लीडने स्वतःच ठेवली पाहिजे, वरून मागितली नसली तरी.

शेवटी श्रेय. याच्यावरून तर हा उद्योग फुटायला सुरुवात झाली. १९७९ मध्ये अटारी या गेम कंपनीचे चार प्रोग्रामर निघाले, कारण त्यांच्या कार्ट्रिजनी कंपनीला रग्गड पैसा दिला आणि डब्यावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी काढलेली कंपनी म्हणजे अ‍ॅक्टिव्हिजन, जिने तीस वर्षांनी वेस्ट-झॅम्पेलांना काढलं. त्याच अटारीत वॉरन रॉबिनेटने 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये एका गुप्त खोलीत आपलं नाव लपवलं आणि नोकरी सोडली. आजही परिस्थिती फार पुढे गेलेली नाही: २०२१ मध्ये 'मेट्रॉइड ड्रेड' आला तेव्हा एकूण काळाच्या २५ टक्क्यांहून कमी काम केलेल्यांची नावं तो बनवणाऱ्या मर्क्युरीस्टीम स्टुडिओने गाळली. दिग्दर्शकाचं नाव वेष्टनावरून पुसलं तर निदान बातमी होते. वर्षभर झाडं आणि दगड घडवून मग निघालेल्या मुलीचं नाव गेलं तर तिच्या पुढच्या मुलाखतीत तिला ते काम आपलं आहे हेच सिद्ध करावं लागतं.

म्हणून ज्याला या वादात खरोखर रस आहे त्याने आपला करार वाचावा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनीच. कुर्विट्झ असो वा आपण, जग कंपनीच्या कपाटात राहतं ते अशाच तरतुदींमुळे. पण कलम ५७ प्रमाणे हक्क दिल्यानंतरही काम घडवणाऱ्याला 'हे काम माझं आहे' म्हणण्याचा अधिकार राहतो. आणि भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ खाली, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या गेम कंपनीत जायचं नाही असली अट सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. गुप्ततेची अट मात्र ठरत नाही, तेव्हा फायली पेनड्राइव्हवर घेऊन निघण्याचा उद्योग करू नये. करारात ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही असं एक कलम हवं, श्रेयनामावलीचं, पण बहुतेकदा ते नसतंच. ते मागावं: गेम पूर्ण होण्याआधी सोडलं तरी नाव लागेल का, किती महिन्यांच्या कामानंतर, कोणत्या पदनामाखाली. एचआरने 'असं आमच्याकडे कुणी मागत नाही' म्हटलं तर कंपनीचं श्रेयाचं धोरण लेखी मागावं, रुजू होण्याआधीच, आणि स्वतःच्या ईमेलवर. ऑफिसचं खातं शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतं.